आवाज बंद असताना पाहिलेला किनारा

डॉक्टरांनी माझ्या घशात नळी घालून पाहिलं, नळी बाहेर काढली आणि माझ्याकडं न बघता माझ्या बायकोला सांगितलं, "यांना बोलू द्यायचं नाही. कुजबुजूसुद्धा द्यायचं नाही."

मी गाइड आहे. वेरूळची लेणी, दौलताबादचा किल्ला, मकबरा, पाणचक्की, हे माझं रोजचं. पर्यटक पुढं, मी त्यांच्या पुढं, आणि माझं तोंड सगळ्यांच्या पुढं, असं आयुष्य गेलेलं. कैलास लेण्याच्या आवारात दोन-तीन गाइड एकाच वेळी बोलत असले की आपला आवाज त्यांच्यावर चढवावा लागतो. तसा चढवून चढवून स्वरतंतूंवर गाठी आल्या होत्या. छोटी शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर काही आठवडे पूर्ण मौन. तेही दिवाळीनंतरच्या दिवसांत, जेव्हा आमच्या धंद्याचा खरा हंगाम असतो.

मुकुंदवाडीतल्या आमच्या घरी पहिले काही दिवस मी फार वाईट काढले. फोन वाजायचा, मी उचलायचो आणि मग आठवायचं. शेजारी तब्येत विचारायला यायचे, त्यांना हातवारे करून सांगता सांगता घशातून आवाज निसटायचा. बायको शिलाई मशीनवर बसलेली असायची. ती ब्लाउज शिवते, आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायकांची मापं तिला पाठ आहेत. आवाज निसटला की ती मशीन थांबवून नुसती बघायची.

मग एक दिवस तिनं ठरवून टाकलं. "तुम्ही इथं राहिलात तर बोलणारच," ती म्हणाली. "कुणीतरी येणार, काहीतरी चुकीचं सांगणार, आन तुमच्यानं राहवणार नाय. जिथलं तुम्हाला काहीच माहीत नाय अशा ठिकाणी जाऊ. समुद्रावर जाऊ."

मी हातानं विचारलं, कोण नेणार?

"भाईंना विचारलंय मी. ते येतो म्हणलेत."

भाई म्हणजे माझा टॅक्सीवाला मित्र. जुन्या शहरात राहतो, गुलमंडीच्या मागच्या गल्ल्यांमध्ये त्याचं बालपण गेलं. त्याची गाडी आणि माझं बोलणं, अशी आमची जोडी किती वर्षांची आहे ते आता दोघांनाही आठवत नाही. हंगामातली भाडी सोडून तो माझ्यासाठी कोकणात यायला तयार झाला होता. मी त्याचे दोन्ही हात धरले तर तो म्हणाला, "नक्को भाऊ, काही बोलू नका. तसं पण बोलता येत नाही तुम्हाला. त्याचंच तर मला लई बरं वाटायलंय."

आम्ही पुण्यावरून ताम्हिणी घाट उतरलो. वाटेत भाईनं बायकोला माझी सगळी भाषणं म्हणून दाखवली. कैलास लेणं वरून खाली कसं कोरत आणलं, दौलताबादच्या अंधाऱ्या वाटेत शत्रूला कसं चकवत, सगळं. इतकी वर्षं गाडीजवळ उभं राहून जे कानावर पडलं ते त्यानं स्वतःच्या मसाल्यात घोळून ठेवलं होतं. त्याच्या किल्ल्यात मगरी जास्त होत्या आणि त्याच्या लेण्यात कारागीर सगळे एकाच घरातले होते. मी मागच्या सीटवरून त्याच्या खांद्यावर थोपटत होतो, नाही, नाही, असं. तो आरशात बघून हसायचा आणि पुढं चालवायचा. गाडीही आणि गोष्टही.

म्हसळ्याच्या पुढं हवा बदलली. कपडे अंगाला चिकटायला लागले, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सुपारीच्या वाड्या सुरू झाल्या. श्रीवर्धनकडची सुपारी आमच्याकडच्या पानटपऱ्यांवर नावानं मागतात, पण तिचं झाड मी कधी पाहिलं नव्हतं. सरळ, बारीक, वर हिरवा तुरा. बायकोनं गाडी थांबवायला लावली. अंगणात सुपाऱ्या वाळत घातलेल्या एका बाईंना तिनं विचारलं, एवढ्या उंच कोण चढतं, सोलायला किती वेळ लागतो, हात काळे होतात का. त्या बाईंनी आपले तळहात दाखवले. बायकोनं आपली सुईनं टोचलेली बोटं दाखवली. दोघी बराच वेळ बोलल्या. आम्ही निघालो तेव्हा तिच्या ओच्यात मूठभर सुपाऱ्या आल्या होत्या.

हरिहरेश्वरला आम्ही एका घरगुती खाणावळीत उतरलो. मालकीण साठीच्या, एकट्या राहणाऱ्या. मी बोलत नाही हे कळल्यावर त्यांनी खुणेनंच विचारलं, जन्मापासून? बायकोनं खरं काय ते सांगितलं. त्या दिवसापासून त्यांनी माझ्यासाठी वेगळा स्वयंपाक केला. तिखट नाही, तळलेलं नाही. मऊ भात, नारळाच्या रसातली फणसाच्या आठळ्यांची आमटी, आणि सकाळी घावन. दुपारी कोमट पाण्याचा तांब्या माझ्या खुर्चीशेजारी आपोआप येऊन बसायचा. कोण ही बाई, मी कोण. माझ्या धंद्यात पाहुण्याचं मन राखायला आम्ही शिकतो, पण इथं कुणी शिकलेलं दिसत नव्हतं. त्यांना ते येतच होतं.

हरिहरेश्वरच्या देवळामागून डोंगराला वळसा घालणारी एक प्रदक्षिणेची वाट आहे. आधी पायऱ्या चढायच्या, मग दोन कड्यांच्या मधून अरुंद पायऱ्यांनी उतरायचं, आणि एकदम समोर समुद्र. ओहोटी असेल तरच ही वाट चालता येते. भरतीला लाटा थेट कड्यावर येतात. मालकीणबाईंनी पाणी कधी उतरेल ते विचारून ठेवलं होतं आणि त्या वेळेला आम्हाला अंगणातून अक्षरशः हाकलून लावलं.

मी मुंबईचा समुद्र पाहिला होता. बायकोनं कुठलाच पाहिला नव्हता. त्या अरुंद पायऱ्यांवर ती माझ्या पुढं होती, म्हणून तिचा चेहरा मला दिसला नाही. ती शेवटच्या पायरीवर थांबली. मागून येणारे लोकही थांबले. भाई म्हणाला, "भाभी, चला ना." ती हलली नाही. मग हळूच बाजूला सरकली, लोकांना वाट दिली आणि कड्याला पाठ टेकून उभी राहिली.

अशा वेळी मी काय केलं असतं ते मला नीट माहीत आहे. मी बोललो असतो. खडकावर पाण्यानं मधाच्या पोळ्यासारखी जाळी कोरली आहे, तिच्याकडं बोट दाखवलं असतं, वारा आणि खारं पाणी मिळून दगड कसा खातात ते सांगितलं असतं. तिनं मान हलवली असती आणि आम्ही पुढं गेलो असतो. आता मला बोलता येत नव्हतं, म्हणून मीही तिच्या शेजारी पाठ टेकून उभा राहिलो. लाट यायची, खालच्या खडकांत शिरायची, फेस होऊन परत जायची. बराच वेळ आम्ही तेच बघितलं. शेवटी ती म्हणाली, "एवढं सगळं पाणी, आन प्यायला थेंब नाय." आणि स्वतःच हसली.

आमच्या शहरातल्या बाईला हेच सुचणार. आमच्याकडं नळाला पाणी आलं की तो घरातला सण असतो.

दोन मुक्कामांनंतर आम्ही निघालो. मालकीणबाईंनी कोकमाची बाटली दिली आणि बायकोला म्हणाल्या, "ह्यांचा आवाज आला की मला फोन करायला सांगा. कसा आहे तो ऐकायचाय." दिघीला गाडीसकट फेरीबोटीत चढलो. भाई आयुष्यभर गाडी चालवत आलाय, पण गाडी उभी असताना ती पुढं सरकतेय हे त्याला सहन होईना. तो हँडब्रेकवर हात ठेवून बसून राहिला. पलीकडं आगरदांड्याला चाकं जमिनीला लागली तेव्हा त्यानं मोठा श्वास सोडला.

तिथून राजपुरी जवळ. राजपुरीच्या धक्क्यावरून जंजिऱ्याला होड्या सुटतात, शिडाच्या. वीस-पंचवीस माणसं दाटीनं बसवतात, शीड उभारतात आणि होडी वाऱ्यावर निघते. किल्ला समोर दिसत असतो, काळी तटबंदी सरळ पाण्यातून वर आलेली, पण आत जायचा दरवाजा काही दिसत नाही. होडी अगदी भिंतीजवळ जाते, आता आपटणार असं वाटतं, आणि मग दोन बुरुजांच्या मधोमध दरवाजा उलगडतो. माझ्या तोंडातून आवाज निघणार होता. बायकोनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

आमच्या होडीबरोबर एक गाइड होता. वय माझ्यापेक्षा जास्त, डोक्याला पांढरी टोपी, पायात रबरी चपला, आवाज खणखणीत. त्याचा आवाज ऐकून मला हेवा वाटला. दरवाज्यावरचं शिल्प त्यानं फार छान दाखवलं, एका वाघासारख्या जनावरानं हत्तींना पंज्यात, शेपटीत आणि तोंडात धरलंय ते. मोठी तोफ दाखवली. भर उन्हातही ती फार तापत नाही म्हणाला आणि सगळ्यांना हात लावायला लावला. पलीकडं समुद्रात पद्मदुर्ग दिसतो. मराठ्यांनी जंजिऱ्याच्या छातीवर उभारलेला तो किल्ला त्यानं हात लांब करून असा दाखवला की जणू कालच बांधून झालाय. मी मनातल्या मनात त्याला दाद देत होतो. गर्दी कशी वळवायची, कुठं थांबायचं, कुठल्या वाक्यावर गप्प व्हायचं, हे त्याला येत होतं.

मग तो आमच्या शहरावर आला.

"ह्याच किल्ल्यात जन्मलेला एक सिद्दी," तो म्हणाला, "पुढं दौलताबादला गेला, निजामशाहीचा वजीर झाला आणि त्यानं तिकडं मोठं शहर वसवलं. आज तुम्ही ज्याला संभाजीनगर म्हणता ते."

माझा हात आपोआप वर गेला. पर्यटकांत उभं राहून चुकीचा इतिहास ऐकायचा, ही शिक्षा मला माहीत नव्हती. आमचं शहर त्या हबशी वजिरानं वसवलं हे खरं, पण तो इथं जन्मला नव्हता. तो समुद्रापलीकडचा, लहानपणी विकला गेलेला. मी हात वर करून उभा, घशात वाक्य तयार, आणि भाई मागून माझा शर्ट ओढतोय. गाइड माझ्याकडं बघून म्हणाला, "विचारा साहेब."

"त्यांना बोलायला मनाई आहे," बायको म्हणाली. "मी सांगते. आम्ही त्याच गावचे आहोत, दादा."

आणि ती बोलायला लागली. मी तिला इतक्या लोकांसमोर बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"ते इथले नाय," ती म्हणाली. "ते हबशी देशातले. आईबापांपासून तोडून त्यांना लहानपणीच विकलं. एका मालकाकडून दुसऱ्याकडं, असं करत करत ते दख्खनेत आले. ज्याला स्वतःचं घर नव्हतं त्यानं लोकांसाठी शहर वसवलं. तेव्हा खडकी म्हणायचे. नुसता खडक, पाणी नाय. मग त्यांनी डोंगराच्या पायथ्याचं जमिनीखालचं पाणी शोधलं आन खापराच्या नळांनी गावात आणलं. नहर म्हणतात आमच्याकडं. लोक हसले असतील तेव्हा, पण पाणी आलं. पाणचक्कीवर अजून बघायला मिळतं. आमच्या सासूबाई सांगायच्या, त्यांच्या लहानपणी जुन्या शहरातल्या घरांत नहरीचं पाणी यायचं, उन्हाळ्यात थंडगार. आता आमच्याकडं नळाला पाणी कधी येईल ते सांगता येत नाय. मग मला रोज त्या माणसाची आठवण येते."

एवढंच. हीच गोष्ट सांगायला मला पाणचक्कीवर बराच वेळ लागतो. तिनं मधले सुलतान, लढाया, मोगल, सगळं गाळलं होतं. पण आईबापांपासून तोडलेलं मूल आणि पाणी एवढं मात्र कुणी विसरणार नाही असं सांगितलं. लहान मुलं घेऊन आलेल्या एका बाईनं आपल्या पोरीला जवळ ओढलं.

मी भाषण पाठ करायचो ते घरीच, सकाळी दाढी करताना. तिचं मशीन चालू असायचं. मला वाटायचं, मशीनच्या आवाजात तिला काय ऐकू येणार.

गाइडनं टोपी सारखी केली. रागावेल असं वाटलं होतं, पण तो म्हणाला, "चला ताई, तुम्हाला पाणीच दाखवतो." त्यानं सगळ्या गटाला वळवून तलावाकडं नेलं. जंजिऱ्याच्या पोटात गोड्या पाण्याचा मोठा दगडी तलाव आहे. चारी बाजूंनी खारा समुद्र आणि मधे हे हिरवट, शांत, गोडं पाणी. पायऱ्या झिजलेल्या.

"माझी आई ह्या किल्ल्यात जन्मली," तो म्हणाला. आता त्याचा आवाज गाइडचा राहिला नव्हता. "तेव्हा आत वस्ती होती. घरं होती, शाळा होती. माझी आजी ह्याच पायऱ्यांवरून पाणी भरायची. हळूहळू लोक बाहेर पडले, राजपुरीत येऊन राहिले. आई म्हणायची, बाहेरच्या विहिरीचं पाणी तिला कधी रुचलं नाही. शेवटपर्यंत किल्ल्याच्या पाण्याच्या चवीची आठवण काढायची."

बायको पायऱ्या उतरून खाली गेली. पाण्याला हात लावला. मग तिनं त्याला विचारलं, "तुमच्या आजीचं घर कुठं होतं?"

त्यानं बोट दाखवलं. झुडपांत एक जोतं होतं, बाकी काही नाही. गटातले इतर लोक फोटो काढायला तटाकडं गेले होते. आम्ही तिघं आणि तो, असे त्या जोत्याजवळ उभे राहिलो. तो सांगत होता, दार इकडं, चूल तिकडं, पावसाळ्यात होड्या बंद व्हायच्या तेव्हा धान्य कुठं भरून ठेवायचे. एरवी हे तो कुणाला सांगत नसावा. मला तरी वाटत नाही की मी बोलत असतो तर हे ऐकायला मिळालं असतं. मी जन्माच्या जागेवरून त्याच्याशी वाद घातला असता, बहुतेक जिंकलोही असतो, आणि होडीची वेळ झाली असती.

परतीच्या होडीत तो आमच्या शेजारी बसला. भाईनं त्याला सांगितलं की हा मुका माणूसही गाइडच आहे. तो माझ्याकडं बघून इतका हसला की त्याला खोकला आला. मग माझ्या घशाकडं बोट करून म्हणाला, "माझा पण असाच गेला होता एकदा. गरम पाण्यात मीठ, आणि वाऱ्यात ओरडायचं नाही." उतरताना त्यानं माझा हात बराच वेळ धरून ठेवला.

पुढं मुरूड, काशीद करत आम्ही किनाऱ्यानं वर आलो. काशीदच्या पांढऱ्या वाळूत भाईनं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि लहान मुलासारखा लाटांशी शिवाशिवी खेळला. कोर्लईला पोर्तुगीजांचा किल्ला आहे, एका बाजूला खाडी, एका बाजूला समुद्र, मधे लांबट डोंगर. वरून पाहिलं तर दोन्ही पाण्यांचे रंग वेगळे दिसतात. किल्ल्याखालच्या गावात जुनी ख्रिस्ती वस्ती आहे. तिथं घराघरांत अजून एक बोली बोलतात, पोर्तुगीज आणि मराठीच्या मिसळीतून झालेली. पोर्तुगीज कधीच गेले, बोली राहिली. एका ओट्यावर दोन म्हाताऱ्या जाळ्याची गाठ सोडवत बसल्या होत्या. बायको त्यांना म्हणाली, आमच्यासमोर जरा बोलून दाखवा. त्या आधी लाजल्या, मग एकमेकींशी बोलल्या, आणि बोलता बोलता आमच्याकडं बघून हसायला लागल्या.

"आमच्याबद्दल बोलताय व्हय?" बायकोनं विचारलं.

"तुझा नवरा किती गरीब स्वभावाचा आहे, एक शब्द बोलत नाही, असं म्हणतोय," त्यातली एक मराठीत म्हणाली.

भाई हसून हसून ओट्याच्या कडेलाच बसला. बायकोनं त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

रेवदंड्याला शेवटचा मुक्काम केला आणि घरी आलो. ठरल्या दिवशी डॉक्टरांनी पुन्हा नळी घालून पाहिलं आणि बोला म्हणाले. मी माझं नाव सांगितलं. आवाज बारीक, चिरका, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. डॉक्टर म्हणाले, सुधारेल, पण पहिल्यासारखा दणदणीत होणार नाही. दवाखान्याबाहेर चिकलठाण्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर वाहनांचा गोंगाट होता. तिथं बोलून उपयोग नव्हता. घरी आल्यावर, तिनं चहा टाकला तेव्हा, मी तिला विचारलं, "हरिहरेश्वरला तू पायरीवर थांबली होतीस. काय वाटलं तुला?"

तिनं गॅस बारीक केला. मग सांगत राहिली. समुद्राचा आवाज आधी तिला कापड फाडल्यासारखा वाटला होता, मग वाटलं खूप बायका एकदम धान्य पाखडतायत. ती घाबरली होती. तिला तिच्या आईची आठवण आली होती, जिनं विहिरीपेक्षा मोठं पाणी पाहिलं नव्हतं. चहा उकळून उकळून कडू झाला. आम्ही तो तसाच प्यायलो.

हरिहरेश्वरच्या बाईंना मी फोन केला. त्यांनी "बोला, बोला" म्हणत मला बोलायला लावलं आणि शेवटी म्हणाल्या, आवाज चांगला आहे, उगाच काळजी करत होतात.

आता मी कमरेला छोटा स्पीकर बांधतो आणि गालाजवळ माइक लावतो. गट कमी घेतो. पाणचक्कीवर आलो की माझं जुनं भाषण करत नाही. बायकोनं सांगितलं तसं सांगतो, आधी ते विकलं गेलेलं मूल, मग पाणी. लोक शांत ऐकतात. ते पाण्याकडं वळले की मी थोडा वेळ गप्प राहतो, आणि कुणाला काही विचारायचं असेल तर त्यांना विचारू देतो. परवा परभणीहून आलेल्या एका आजोबांनी नहरीबद्दल विचारायला सुरुवात केली आणि स्वतःच्या गावच्या बारवेची सगळी गोष्ट सांगितली. बाकीचे लोकही ऐकत थांबले. भाई गाडीजवळून हॉर्न वाजवत होता, पुढचं ठिकाण राहिलं होतं. मी त्याला हातानंच सांगितलं, थांब जरा.